देवमाशाचा घोटा

बकरीच्या मागच्या पायात, गुडघा उलटा वळल्यासारखा दिसतो त्या सांध्यात, सुपारीपेक्षा थोडं मोठं, चौकोनी बांध्याचं एक हाड असतं. हातात घेऊन फिरवलं की त्याची गंमत कळते. वरच्या टोकाला दोन उंच कडा आणि मधे गुळगुळीत खाच, विहिरीवरच्या कप्पीला असते तशी; आणि उलटं धरलं तर खालच्या टोकालाही तशीच कप्पी. वरची खाच बहुतेक सस्तन प्राण्यांत कमीअधिक असते, कारण पायाची नळी तिच्यावरच पुढेमागे फिरते. पण कुत्र्याच्या घोट्यात खालचं टोक गोलसर असतं, घोड्याच्या घोट्यात जवळजवळ सपाट. दोन्हीकडे कप्पी असलेलं हाड आजच्या प्राण्यांत गाय, हरीण, बकरी, उंट, डुक्कर, पाणघोडा अशा समखुरी मंडळींच्याच पायात मिळतं. सप्टेंबर २००१ मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नियतकालिकांनी एका दिवसाच्या अंतराने दोन लेख छापले. पाकिस्तानातल्या खडकांतून निघालेल्या, सुमारे पावणेपाच ते पाच कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे घोटे त्यांत दाखवले होते, दोन्ही टोकांना कप्पी असलेले. आणि ते प्राणी देवमासे होते.

ही गोष्ट एरवी ज्या पद्धतीने सांगितली जाते ती अशी: हाडं बघणारे लोक शंभर वर्षं चाचपडत राहिले, मग डीएनए आला आणि त्याने निकाल लावला. सांगायला सोपं आहे, पण घडलं ते तसं नाही. या प्रकरणात हाडांनी फसवलं हे खरं. मात्र रेणूही त्याच सुमारास, जवळजवळ त्याच माणसांच्या हातून, दुसऱ्या एका प्रकरणात फसवून गेले होते. जीवांची वंशावळ लावताना कुठलाच साक्षीदार जात्या खरा नसतो. एकमेकांशी संगनमत करणं ज्यांना शक्यच नाही असे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, आणि जो चुकला तो का चुकला हेही कळलं, म्हणजे मगच नातं पक्कं मानायचं. देवमाशाचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

मराठीत त्याचं नावच मासा. लोकांनी ते ठेवलं यात नवल नाही, कारण वर्गीकरण करणाऱ्या विद्वानांनीही बराच काळ तेच केलं. ॲरिस्टॉटलला माहीत होतं की डॉल्फिन हवेत श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो आणि दूध पाजतो. तरीही लिनियसच्या ‘सिस्टेमा नातुरे’च्या १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत देवमासे माशांतच होते, १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने त्यांना सस्तनांत आणलं. एवढ्यावर वाद मिटला नाही. १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एक खटला उभा राहिला. माशाच्या तेलाची तपासणी करून शुल्क आकारायचा कायदा होता, आणि एका व्यापाऱ्याचं म्हणणं असं की देवमाशाचं तेल हे माशाचं तेल नव्हेच. सॅम्युअल मिचिल या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने त्याच्या बाजूने साक्ष दिली. ज्यूरीने देवमासा हा मासाच असं ठरवलं. आज आपण हसतो, पण ज्यूरीच्या बाजूनेही काही बोलता येईल. ‘मासा’ या शब्दाने नातं सांगायचं की राहणीमान, हे तोवर कुणी ठरवलंच नव्हतं.

ते ठरवलं डार्विनने. १८५९ च्या ‘ओरिजिन’मध्ये एकच आकृती आहे, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या वंशाची. वर्गीकरण म्हणजे वंशावळ, दुसरं काही नाही, हा त्याचा आग्रह होता. त्यासोबत त्याने एक सूचना दिली, तिच्याकडे मात्र पुढे पुरेसं लक्ष गेलं नाही असं वाटतं: प्राण्याचा जो अवयव त्याच्या राहणीशी जितका कमी जोडलेला, तितका तो नातं ओळखायला जास्त उपयोगी. देवमाशाच्या बाबतीत त्याचं स्वतःचं उदाहरण मात्र फसलं. पाण्यात तोंड उघडून तासन्‌तास किडे टिपत पोहणाऱ्या अस्वलाची हकिगत देऊन त्याने लिहिलं होतं की अशा प्राण्यापासून देवमाशासारखं काही घडू शकेल. टीकाकारांनी टर उडवली आणि पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो भाग कापला. १८८३ मध्ये विल्यम हेन्री फ्लॉवर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने मात्र जठर, यकृत, जननेंद्रियं यांच्या ठेवणीवरून देवमाशांचं मूळ खुरांच्या प्राण्यांत शोधावं असं सुचवलं. ते अर्धवटच राहिलं. १९४५ मध्ये जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी सस्तनांचं मोठं वर्गीकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा देवमाशांना कुणाच्याच शेजारी न बसवता वेगळा गट दिला. पाण्याने त्यांचं शरीर इतकं बदलून टाकलं होतं की नात्याच्या खुणाच पुसल्यासारख्या झाल्या होत्या.

खुणा कोणत्या आणि कशा वाचायच्या याचा नियम विली हेनिग या जर्मन कीटकतज्ज्ञाने घालून दिला. माशांवर, म्हणजे घरात घोंगावणाऱ्या माशांवर, काम करणारा हा माणूस १९४५ मध्ये ब्रिटिशांच्या युद्धकैदेत असताना त्याचा पहिला खर्डा लिहीत होता. पुस्तक १९५० मध्ये जर्मनमध्ये आलं, १९६६ मध्ये इंग्रजीत, आणि त्यानंतरच जगाने त्याची दखल घेतली. त्याचं म्हणणं पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या पडताळणाऱ्यांना एका झटक्यात समजलं असतं. तिथे वि. स. सुकथनकर यांनी १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीत पोथ्यांची वंशावळ मांडली होती. दोन पोथ्यांत मूळचा जुना पाठ सारखा असेल तर त्यावरून त्या जवळच्या ठरत नाहीत, कारण तो कुणीही जपलेला असू शकतो. पण दोघींत एकाच जागी एकच भर किंवा एकच घसरण असेल, तर त्या एकाच पोथीवरून उतरल्या आहेत. हेनिगचा नियम हाच: जुनं साम्य बाजूला ठेवा, नव्याने आलेलं सामायिक वैशिष्ट्य धरा. देवमासा आणि गाय दोघांनाही पाठीचा कणा आहे, याने काहीच सिद्ध होत नाही. तो तर बेडकालाही आहे. अडचण एवढीच की दोन लेखनिक स्वतंत्रपणे तीच चूक करू शकतात. सोप्या चुका तर हटकून करतात.

दातांनी नेमकी तीच चूक केली. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन यांनी देवमाशांचे पूर्वज म्हणून मेसोनिकिड या नामशेष गटाकडे बोट दाखवलं. हे खूर असलेले पण मांसाहारी प्राणी होते, काहीसे लांडग्यासारखे. त्यांचे टोकदार, कातरणारे दात आणि सगळ्यात जुन्या देवमाशांचे दात शेजारी ठेवले तर साम्य नजरेत भरतं. जीवाश्मांत दातच सर्वांत जास्त टिकतात, त्यामुळे जीवाश्मशास्त्रज्ञांचा निम्मा व्यवहार दातांवर चालतो. १९८१ मध्ये फिलिप गिंगरिच आणि डॉनल्ड रसेल यांनी पाकिस्तानच्या वायव्य भागातून ‘पाकिसेटस’ हा प्राणी वर्णिला. कवटीतल्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाची, दात मेसोनिकिडच्या वळणाचे. भारतातही त्याआधी, १९७५ मध्ये, अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी कच्छमधल्या हरुडीच्या परिसरातले जुने देवमासे वर्णिले होते. टेथिस या प्राचीन समुद्राच्या इथल्या किनाऱ्यावर देवमाशांचा उगम झाला हे हळूहळू स्पष्ट होत गेलं. प्रश्न उरला तो किनाऱ्यावरून पाण्यात कोण उतरलं याचा, आणि बहुतेकांना उत्तर मिळाल्यासारखं वाटत होतं.

दुसरा साक्षीदार तोवर मागच्या बाकावर बसून होता. १९५० मध्येच ॲलन बॉयडन आणि डग्लस जेमेरॉय यांनी रक्तद्रवाच्या चाचण्या करून पाहिल्या होत्या. एका प्राण्याच्या रक्तातल्या प्रथिनांविरुद्ध सशाच्या शरीरात प्रतिपिंडं तयार करवायची, आणि ती दुसऱ्या प्राण्याच्या रक्तद्रवात घालून साका किती बसतो ते मोजायचं. साका जास्त तर नातं जवळचं. देवमाशाचं रक्त समखुरींना सगळ्यात जवळचं निघालं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९९४ मध्ये दान ग्राउर आणि डेस्मंड हिगिन्स यांनी प्रथिनं आणि जनुकांचे क्रम तुलनेला घेऊन धाडसी निष्कर्ष काढला: देवमासे समखुरींच्या शेजारी नाहीत, त्यांच्या पोटात आहेत, डुक्कर-उंटांपेक्षा ते गाय-हरणांना जवळचे आहेत. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात पाणघोडा त्यांच्या सगळ्यात जवळ येऊन उभा राहिला.

जीवाश्मवाल्यांनी हे लगेच मान्य केलं नाही याचं खापर त्यांच्या हट्टावर फोडणं सोपं आहे. पण त्यांच्याजागी कुणीही शहाणा माणूस थबकला असता. कारण हेच दान ग्राउर १९९१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह, याच तऱ्हेच्या पुराव्यावरून, गिनीपिग हा उंदरांच्या गणात मोडतच नाही असं ‘नेचर’मध्ये सांगून चुकले होते. पुढे जास्त जाती आणि जास्त जनुकं घेऊन पाहिल्यावर तो दावा टिकला नाही. गिनीपिग कुरतडणाऱ्यांतच परत आला. चुकीचं कारण समजण्याजोगं आहे. काही वंशांत डीएनए भराभर बदलतो. वर्णमाला चारच अक्षरांची, त्यामुळे खूप बदललेल्या दोन वंशांत योगायोगानेच पुष्कळ अक्षरं सारखी पडतात आणि मोजणारी पद्धत त्यांना सख्खी भावंडं समजते. जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी १९७८ मध्येच गणिताने दाखवलं होतं की अशा परिस्थितीत पुरावा वाढवत नेला तर काही पद्धती चुकीच्या उत्तराबद्दल अधिकाधिक ठाम होत जातात. म्हणजे एकच संशोधक, एकच तऱ्हेचा पुरावा, तीन वर्षांच्या अंतराने दोन धक्कादायक दावे. एक खोटा, एक खरा. १९९४ मध्ये उभं राहून कोणता कोणता हे ओळखायला डीएनए एकटा पुरेसा नव्हता.

त्या साक्षीला पहिलं बळ मिळालं तेही रेणूंतूनच, पण वेगळ्या जातीच्या खुणेने. टोकियोतल्या नोरिहिरो ओकाडा यांच्या गटाने अक्षरांचे बदल मोजण्याऐवजी घुसखोर तुकडे शोधले. डीएनएत काही छोटे तुकडे असतात, जे स्वतःची नक्कल करून दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसतात. एकदा बसले की ते सहसा जागेवरून नेमके उपटून निघत नाहीत, आणि कोट्यवधी अक्षरांच्या जनुकसंचात दोन वंशांत स्वतंत्रपणे त्याच जागी तोच तुकडा बसणं जवळजवळ अशक्य. पोथीच्या भाषेत हे अक्षर चुकणं नव्हे. हा अख्खा प्रक्षिप्त श्लोक आहे, आणि तोही त्याच ओळीनंतर. १९९७ मध्ये त्यांनी असे तुकडे दाखवले जे देवमासे, पाणघोडे आणि रवंथ करणारे प्राणी यांच्यात त्याच जागी होते आणि उंट-डुकरांत नव्हते. १९९९ मध्ये फक्त देवमासे आणि पाणघोडे यांच्यात सामायिक असलेले तुकडेही सापडले.

आणि मग घोटा. रेणूंचं म्हणणं खरं असेल तर ज्या देवमाशांना अजून पाय होते, त्यांच्या घोट्यात दुहेरी कप्पी असायला हवी होती. मेसोनिकिड पक्षाचं खरं असेल तर नसायला हवी होती. हाडं सापडण्याआधीच दोन्ही पक्ष बांधले गेले होते, आणि विज्ञानात असा प्रसंग वाटतो तितका वारंवार येत नाही. गिंगरिच स्वतः मेसोनिकिड पक्षाचे. त्यांच्या चमूला बलुचिस्तानात सापडलेल्या ‘आर्टिओसेटस’ आणि ‘रोढोसेटस’च्या सांगाड्यांत दुहेरी कप्पी निघाली, आणि त्यांनी मत बदललं. हान्स थेविसन यांच्या चमूने पंजाबातल्या काला चिट्टा टेकड्यांतून ‘पाकिसेटस’ आणि त्याच्या भाऊबंदांची हाडं मांडली. तिथेही तेच. थेविसन यांची हाडं एका थरात विखुरलेली मिळाली होती, त्यामुळे ‘हा घोटा दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना’ असं विचारायला जागा होती. गिंगरिच यांच्याकडे मात्र कवटी आणि घोटा एकाच प्राण्याचे होते. एकाची कच्ची बाजू दुसऱ्याने भरून काढली, तीही एकमेकांना न विचारता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दात फसवतात म्हणून सोडले, मग घोट्यावर विश्वास का? घोटाही एक अवयव, तोही कामाने घडतो. याचं उत्तर डार्विनच्या त्या सूचनेत आहे. दुहेरी कप्पीमुळे घोटा आजूबाजूला न कलंडता फक्त पुढेमागे हलतो. हे धावणाऱ्या प्राण्याचं यंत्र आहे. आर्टिओसेटस-रोढोसेटस तर पोहणारे प्राणी. पाण्यात त्यांना त्या कप्पीचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून ती त्यांनी नव्याने मिळवली असण्याचं कारणही नव्हतं. ती वारशाने आली होती. दातांचं उलट: प्राचीन देवमासा आणि मेसोनिकिड दोघेही मांस कातरत होते, आणि एका कामाने दोन वंशांत एका घाटाची हत्यारं घडवली. साक्षीदार का चुकला ते कळलं की त्याच्या बाकीच्या साक्षीचं वजनही ठरवता येतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: एवढ्या पुराव्यातून हवं ते जुळवून घेता येतं, एकवाक्यता मागाहून रंगवलेली असते. इथे आकडा बघावा. दहा जातींची वंशावळ, प्रत्येक फाट्याला दोनच फांद्या धरल्या तरी, ३,४४,५९,४२५ वेगवेगळ्या प्रकारे लावता येते. घुसखोर तुकडे आणि घोट्याचं हाड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक डीएनएत बसतो, दुसरं सांध्यात, आणि तपासणारे लोकही वेगळे. एवढ्या शक्यतांतून दोघांनी योगायोगाने एकाच कोपऱ्यात येऊन थांबणं कठीण. तरी हेही सांगायला हवं की २००१ मध्ये एकवाक्यता पूर्ण नव्हती. थेविसन यांच्या विश्लेषणात देवमासे समखुरींच्या शेजारी आले, आत नाही. पाणघोड्याचं नाव हाडांनी घेतलंच नाही. पाणघोड्यांचे ज्ञात जीवाश्म देवमाशांच्या मानाने फारच उशिराचे होते, मधे कोट्यवधी वर्षांची पोकळी. ती भरायला अँथ्राकोथेर या नामशेष गटाकडे वळावं लागलं, आणि २०१५ मध्ये केनियातून सुमारे २ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा एक दुवा समोर आला. पोकळी लहान झाली आहे, बुजलेली नाही.

या प्रकरणाचा सगळ्यात सुंदर पुरावा मात्र बरीच वर्षं देहरादूनमधल्या एका घरात दगडांत बंद पडून होता. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून जीवाश्मांनी भरलेला खडक गोळा केला होता आणि १९७१ मध्ये त्यातल्या दात-जबड्यांवरून ‘इंडोहायस’ हे नाव दिलं होतं. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते दगड जपले आणि शेवटी थेविसन यांच्या हवाली केले. दगड कोरताना एका कवटीवरून कानाचं हाड चुकून तुटलं. मधल्या कानाला झाकणाऱ्या त्या हाडी वाटीची आतली कड जाडजूड होती, आणि अशी कड तोवर फक्त देवमाशांचीच खूण मानली जात होती. इंडोहायस मांजराएवढा, चार बारीक पायांचा, खुरांचा, घोट्यात दुहेरी कप्पी असलेला. सह्याद्रीच्या जंगलात रात्री पानाफळांच्या मागे फिरणारी पिसोरी डोळ्यांसमोर आणली तर त्याची चण कळते. पायांची हाडं मात्र बाहेरून जाड, पाणथळ जागी तळाशी उभं राहणाऱ्या प्राण्यांची असतात तशी वजनदार. पिसोरीचा आफ्रिकेतला भाईबंद आजही धोका दिसला की पाण्यात उडी घेऊन दडतो. डिसेंबर २००७ मध्ये हा शोध छापून आला. हे डीएनएला कधीच सांगता आलं नसतं. आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए सुमारे वीस लाख वर्षांचा आहे, आणि इथे हिशेब पाच कोटींचा. जिवंत प्राण्यांच्या रक्तावरून देवमासा आणि पाणघोडा भाऊबंद आहेत हे कळतं. ते भाऊबंद असताना पाण्यात आधी पाय कुणाचा पडला, कशासाठी पडला, हे दगडच सांगतो.

आता कुणी म्हणेल की मग देवमाशाला हरीण म्हणायचं का? म्हणू नये, पाणघोडा जितका हरीण तितकाच तो. पण समखुरी या गटातून देवमासे वगळले तर तो गट एका पूर्वजाची सगळी लेकरं असा राहत नाही, घरातल्या एका भावाला वंशावळीतून खोडल्यासारखा होतो. १९९७ पासून म्हणूनच दोन्ही नावं जोडून ‘सिटार्टिओडॅक्टिला’ असं एक बोजड नाव रूढ झालं. ‘मासा’ या शब्दाची गत तर याहून वाईट आहे: फुफ्फुसमासा नात्याने शार्कपेक्षा तुमच्या-माझ्या जवळचा, त्यामुळे काटेकोर वंशावळीत ‘मासे’ नावाचं घराणंच नाही. बाजारात बांगडा मागताना याने काही अडत नाही. न्यूयॉर्कच्या ज्यूरीची अडचणही हीच होती, फक्त शास्त्रज्ञांनी ती त्यांना सांगितली नव्हती.

मेसोनिकिड मात्र या सगळ्यात पोरके झाले. देवमाशांचे पूर्वज म्हणून साडेतीन दशकं त्यांना मान होता, आता खुरांच्या प्राण्यांत त्यांना नेमकं कुठे बसवायचं याबद्दल एकमत नाही. डीएनए उरलेला नाही. दात आहेत, पण त्यांची साक्ष आता कुणी एकट्याने घेत नाही. घोटेही आहेत, वरच्या टोकाला खाच छान कोरलेली, खालच्या टोकाला मात्र समखुरींची ती कप्पी नाही.